कासारणीचा मोजा

त्या सकाळी मी तिच्या डाव्या पायात मोजा चढवला. आमचं रोजचंच काम. ती अजून खाटेवर आडवी, पाय उशीवर, जमिनीला लागलेला नाही. मी हाताला तांदळाचं पीठ चोळलं, तिच्या पायाला चोळलं. मोजा टाचेपर्यंत उलटा केला, आधी बोटं आत घातली, मग टाच टाचेच्या जागी बसवली आणि तिथून थोडा थोडा वर घेत गुडघ्याच्या खाली आणून सोडला. घोट्यावर एक सुरकुती राहिली होती, ती तळहाताने सपाट केली. म्हटलं, "झाला, वयनी."

ती उठून बसली. आता ती मला नमस्कार करणार, एवढ्यात बाहेरून हाक आली. शाळामास्तरांची लेक माहेरपण संपवून सासरी निघाली होती, एसटी गाठायची होती, आणि हातात बांगड्या भरायच्या राहिल्या होत्या. ही उठली, पेटी काखेत मारली आणि गेली. नमस्कार राहिला.

बायकोला मी वयनी का म्हणायचो, आणि रोज सकाळी ती नवऱ्याला नमस्कार का करायची, हे सांगितल्याशिवाय ती कसली बाई होती ते कळायचं नाही. मला लिहायची सवय नाही. चौथीत शाळा सुटली. पण सांगणारा आता दुसरा कोणी नाही.

आम्ही कासार. मालवणपासून दोन कोसांवर घर. बाजारात आणि जत्रेत दुकान मांडून मी बसायचो, वाड्यावाड्यांतून पेटी घेऊन ती फिरायची. कासाराने परक्या बाईचा हात धरला तर त्यात कोणाला काही वाटत नाही, कारण बांगडी हात धरल्याशिवाय भरता येत नाही. आणि भरून झाली की बाई कासाराला नमस्कार करते. खोताच्या घरची असली तरी करते. आमच्याकडची रीतच आहे ती.

ती भरायला बसली की गिऱ्हाइकाचं काही चालायचं नाही. बाई म्हणायची लाल दाखव, ही हिरवी काढायची. बाई सांगायची माझं माप दोन-चार, ही म्हणायची, "ता तुझ्या लग्नातला. आता दोन-आठ." माप तिने कधी मोजून घेतलं नाही. हाताकडे एकदा बघायची, बस. आणि नुसतं माप नाही बघायची. एकदा एका घरी बांगड्या न भरताच परत आली. विचारलं तर म्हणाली, तिचा हात सुजलेला आहे, चेहराही सुजलेला आहे, तिला बांगडी नको, डॉक्टर पाहिजे. त्या घरची सासू आमच्या दारात येऊन भांडून गेली. आठ दिवसांनी तीच सासू नारळ घेऊन आली.

दुपारी ती बांगड्या भरायची नाही. कितीही मोठं घर असो. तिचं म्हणणं, दिवसभर काम केलेला हात फुगतो, फुगलेल्या हाताला भरलेली बांगडी सकाळी ढिली पडते. खोतीणबाईने एकदा दुपारी बोलावून घेतलं आणि वर लहान मापाचा हट्ट धरला. ही तिला तोंडावर म्हणाली, "काकण मोडतला, हात मोडतलो, पण तुझो हट मोडाचो नाय." खोतीण हसली म्हणून निभावलं. तेच मी बोललो असतो तर दहा वर्षं त्या घरची पायरी बंद झाली असती.

अंगाने ती मोठी होती. उजवा पाय जाड, आणि डावा त्याच्या दुप्पट. डाव्यात हत्तीरोग शिरला तो मुलगी झाल्यानंतर. आधी थंडी भरून ताप यायचा, जांघेत गाठ यायची, पाय लाल होऊन सुजायचा. ताप जायचा, सूज उतरायची, पण सगळी नाही. दरवेळी थोडी मागे राहायची. आमच्या किनाऱ्याला असे पाय पुष्कळ. बायका लुगडं खाली सोडतात, घरातून बाहेर पडणं कमी करतात, मग हळूहळू दिसेनाशा होतात. घरातच असतात, पण दिसत नाहीत.

ही लुगडं वर खोचून चालायची. कुडाळच्या बाजारात पोरं मागून ओरडायची, हत्तीण इली. ही न वळता म्हणायची, "मगे हत्तीणीक रस्तो सोडा." मला लाज वाटायची, खोटं कशाला सांगू. एकदा म्हटलंही, जरा लुगडं खाली घे. तर म्हणाली, "पाय आसा. चोरलेलो नाय."

तिला भीती एकाच गोष्टीची होती, चालणं बंद पडण्याची. मरणाची नव्हती. घरात बसलेल्या कासारणीला ती कासारीणच मानायची नाही. मला सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी माका चलूक येवचा नाय, त्या दिवशी पेटी तुमी घेवा आणि माका कोपऱ्यात ठेवा. पण तवसर मी चलतलंय."

पायाची सूज वाढली तेव्हा मी तिला वेंगुर्ल्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. त्याने स्पष्ट सांगितलं, ही सूज पूर्ण जायची नाही. पण पाय रोज आवळून ठेवला तर वाढायची नाही, आणि नाही ठेवला तर दोन-तीन वर्षांत बाई जागेवर बसेल. पायाला घालायचा रबरी धाग्याचा मोजा मुंबईत मिळतो, माप पाठवून मागवा. माप कसं घ्यायचं ते तो सांगायला लागला, तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मापाचं मला नका शिकवू, माझा जन्म त्यात गेलाय.

हे मी बोललो. ती ऐकत होती.

आमच्या धंद्यात माप एकच. बांगडी मनगटावर राहते खरी, पण माप मनगटाचं घेत नाहीत. पंजा आवळून धरला की जिथे बांगडी अडते, तिथलं घेतात. तेवढं पार झालं की झालं. मी पायालाही तेच लावलं. मोजा अडणार कुठे, तर टाचेला. तिला म्हटलं, टाचेवरून आणि पावलाच्या वरच्या अंगावरून दोरा फिरव. तिने फिरवला. तोही संध्याकाळी, बाजारातून चालून आल्यावर. दुसऱ्यांच्या हाताचं दुपारी माप न घेणारी बाई, पण मी सांगितलं म्हणून काही बोलली नाही. मी त्या दोऱ्याएवढा आकडा कागदावर लिहिला आणि माझा भाचा मुंबईला मिलमध्ये होता, त्याला पाठवून दिला.

पावसाळा संपला, आगबोट सुरू झाली, तिच्यातून मोजा आला. वरपासून खालपर्यंत एका मापाचा. रंग गोऱ्या माणसाच्या कातडीचा. ही काळी. पाय पुढे करून बघितला आणि हसत सुटली. "बघा, एक पाय मडमेचो." घोट्याला तो ढिला होता, पोटरीला घट्ट, आणि गुडघ्याच्या खाली त्याची कड रुतायची. मी म्हटलं, सवय होईल. नवी बांगडी पण आधी रुतते.

जत्रांचे दिवस होते. ती आठ दिवस तो मोजा घालून हिंडली. वर चढायला सोपा म्हणून खोबरेल लावायची, बांगडीला लावतात तसं. आठव्या दिवशी कडेखाली जखम दिसली. खालचं पाऊल फुगून बोटं दिसेनाशी झाली होती. ताप चढला. एक महिना ती खाटेवर होती. त्यातले चार दिवस असे होते की मी मुलीला तिच्या सासरहून, फोंडाघाटाहून, बोलावून घेतलं होतं.

डॉक्टर घरी आला. मोजा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि विचारलं माप कोणी घेतलं. ती तापातून म्हणाली, "ह्येनी माझ्या पायात काकण भरल्यानी." आणि हसली. डॉक्टरही हसला. मला त्या वेळी हसू आलं नाही, आणि अजून येत नाही. तिने मला चारचौघांत वाचवलं की चारचौघांत मारलं, हे मला कळलेलं नाही.

मग मी खाली बसून ऐकलं. माप सकाळी घ्यायचं, झोपून उठल्यावर, पाय जमिनीला लागायच्या आधी, कारण रात्रीतून सूज उतरलेली असते. घ्यायचं तीन ठिकाणी. घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथे, पोटरीला जिथे सगळ्यात जाड तिथे, आणि गुडघ्याच्या खाली दोन बोटं सोडून. शिवाय टाचेपासून तिथपर्यंत उंची. मोजा घोट्याला सगळ्यात घट्ट पाहिजे आणि वर जाताना ढिला होत गेला पाहिजे, म्हणजे पाणी वर सरकतं. वर घट्ट आणि खाली ढिला असला तर सगळं खाली अडकतं. तेल लावलं तर रबर मरतं, कोरडं पीठ लावा. ती पडल्या पडल्या म्हणाली, म्हणजे काकणाच्या बरोबर उलटा.

पाय उतरला तेव्हा तिने स्वतः माप घेतलं. आकडे नाहीत. सुंभाची एक दोरी, तिला गाठी. पहिली गाठ घोट्याची, दुसरी पोटरीची, तिसरी गुडघ्याखालची, शेवट उंचीचा. तशाच गाठींची दुसरी दोरी तिने भाच्याला धाडली. भाचा सांगतो, दुकानदाराने दोरी टेबलावर पसरली आणि म्हणाला, चूक झाली, हे मांडीचं माप आहे. भाचा म्हणाला, हे घोट्याचंच आहे, माझी मामी आहे. दुकानात तयार होते त्यातला सगळ्यात मोठा या गाठीला पुरेना. दुकानदार म्हणाला, मांडीपर्यंतचा घ्या, तो मोठ्या मापात आहे. भाच्याने पत्राने विचारलं. हिने माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं की तो नको. ती दिवसभर मांडी घालून बसणारी बाई, लांब मोजा गुडघ्यामागे गोळा होणार आणि परत रुतणार. गुडघ्याच्या खालचाच पाहिजे, मुद्दाम बनवून घे, उशीर लागला तरी चालेल. तो पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने आला. ती नसती मिळाली तर चार महिने गेले असते.

मोजा बरोबर आला. आणि घालता येईना.

योग्य मापाचा मोजा इतका घट्ट असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. तो दोन हातांनी, वाकून, जोर लावून चढवावा लागतो. तिचं पोट मोठं, हात घोट्यापर्यंत कसेबसे पोचायचे, पण तिथे जोर लागायचा नाही. शेजारीण आली, तिने वरून ओढून बघितला, नखाने धागा उसवला. हिने तिला परत पाठवली. मी म्हटलं, मी घालतो. ती एकदम पाय आखडून बसली. "घोवान बायलेच्या पायाक हात लावचो नाय. माझा पाप कित्याक वाढयतास?"

या बाबतीत ती देवळातल्या म्हातारीसारखी होती. बाजारात पाय दाखवणारी बाई, पण नवऱ्याने पायाला हात लावणं म्हणजे तिला नरक. मी समजावलं. तापात मी धरला नव्हता का पाय? ती म्हणाली, तेव्हा मला शुद्ध नव्हती, देव ते धरायचा नाही. तीन दिवस मोजा पेटीत पडून राहिला, आणि पाय संध्याकाळी दोरीच्या गाठीबाहेर जायला लागला. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. म्हटलं, मग बस कोपऱ्यात.

तिचाच शब्द. तिच्यावरच फेकला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, मी अंगणात दात घासत होतो, आणि आतून हाक आली. "कासारानू."

लग्नाला वीस वर्षं झाली होती. तिने मला कधी अशी हाक मारली नव्हती. आत गेलो. खाटेवर आडवी, डावा पाय उशीवर, मोजा पोटावर ठेवलेला. म्हणाली, "भरतास काय?"

मी उभाच. ती म्हणाली, "पाय म्हणा नकात. मनगट म्हणा. तुमी कासार, मी गिराईक. गिराइकाचो हात धरल्यार पाप खंय लागता?"

मी पीठ आणलं. बसलो. तिने पाय असा ताठ धरला होता, जशी पहिल्यांदा बांगडी भरणारी पोरगी हात धरते. पोरींना आम्ही जे सांगतो तेच तोंडातून गेलं, वर गिऱ्हाईक बायकांना म्हणतो ते वयनी. म्हटलं, "हात ढिलो सोडा, वयनी." ती हसली, आणि हसताना पाय ढिला पडला. तेवढ्यात टाच बसवली. पहिल्या दिवशी किती वेळ लागला सांगत नाही. आम्ही दोघं घामाने भिजलो. गुडघ्याखाली मोजा बसला तेव्हा ती उठली आणि तिने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. गिऱ्हाईक करतं तसा. म्हणाली, आता फिटलं.

त्या दिवसापासून अकरा वर्षं. एकही सकाळ चुकली नाही. सुरुवातीला सांगितली ती सकाळ सोडली तर नमस्कार झाल्याशिवाय तिने पाय खाली ठेवला नाही. मी म्हणायचो, पुरे झालं नाटक. ती म्हणायची, नाटक तुमच्यासाठी असेल. तिचा हिशेब खरा होता, मी तो मस्करीत घ्यायचो.

त्या अकरा वर्षांत तिने पेटी सोडली नाही. पाय बरा झाला नाही, पण सूज वाढली नाही, माप दोरीच्या त्याच गाठीला लागत राहिलं. वर्षाला दोन मोजे लागायचे, रबर सैल पडलं की नवा. एका घरी लग्न ठरलेली पोर होती, तिचा पाय नुकताच सुजायला लागलेला, आई ते कोणाला कळू देत नव्हती. ही बांगड्या भरायला बसली आणि पोरीकडे बघून गुडघ्यापर्यंत लुगडं वर केलं. "बघ. मडमेचो पाय." पोर आधी घाबरली, मग हसली, मग रडली. हिने तिथेच आईला दोरी आणायला सांगितलं, आणि मग स्वतःच म्हणाली, आत्ता नको, उद्या सकाळी, पाय जमिनीला लागायच्या आधी. ती पोर आज वेंगुर्ल्याला चांगली नांदते आहे.

मोजा काढायचं काम मात्र माझं नव्हतं. काढणं सोपं, खाली गुंडाळत आणायचा. ते ती दिवेलागणीला स्वतः एक काठी घेऊन करायची. मग रिठ्याच्या पाण्यात धुवायची, पिळायची नाही, आणि ओल्या मोज्यात आपला हात कोपरापर्यंत घालून तो सारखा करायची. मग सावलीत टांगायची. उन्हाने रबर जातं.

नमस्कार राहिला त्या दिवशी ती मास्तरांकडून पुढच्या वाडीला गेली, पण लवकर परत आली. जेवली नाही. खाटेवर पडली आणि म्हणाली, "कासारानू, आज तुमीच काढा."

दुपारचे दोन वाजले असतील. तिने कधी दिवसाउजेडी मोजा काढला नव्हता. मी काढला. पाय गार होता. तिने एक हात छातीवर धरला होता. मी शेजारच्या माणसाला डॉक्टरकडे पिटाळलं. परत आलो तर ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "सकाळचो नमस्कार रवलो."

मी म्हटलं, "उद्या दोन कर."

ती होय म्हणाली. हात वर घ्यायला गेली, पण घेता आला नाही. मी पाणी आणायला आत गेलो, तेवढ्या वेळात गेली.

सवाष्ण गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं आणि चुडा भरायला मला बोलावलं, कारण घरात कासार मीच. मी तिचा हात हातात घेतला. हात ढिलो सोड म्हणावं लागलं नाही. बांगड्या आपल्याआपण गेल्या. पायावर बायकांनी लुगडं ओढून घेतलं होतं, पार बोटांपर्यंत. जिवंतपणी तिने ते ओढू दिलं नसतं. मी ते तसंच राहू दिलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला जाग आली. मुलगी दुपारच्या गाडीने पोचणार होती, घरात मी एकटाच. मोजा आदल्या दिवशी काढून ठेवलेला तसाच खाटेखाली होता, न धुतलेला. मी रिठे भिजवले. शेजारीण कुडावरून म्हणाली, आज कसला धुणा धुतास? मोजा धुतला, पिळला नाही. आत आणला आणि ती करायची तसा माझा हात त्यात घातला, कोपरापर्यंत, आणि दुसऱ्या हाताने सुरकुत्या सपाट करत आणल्या. मोठा होता मला. मनगटावर ढिला पडला.

मग खाटेच्या समोर बसलो, गिऱ्हाईक बसतं तसा, जमिनीवर. आज कासार ती. मोजा घातलेला हात आणि रिकामा हात, दोन्ही जोडले, आणि तिला नमस्कार केला. दोन वेळा. एक तिचा राहिलेला, आणि एक माझा.

मग मोजा सावलीत टांगला.